सातव्या पानाचा पिवळा

जळगावला भूपेंद्रभाऊंच्या प्रेसमध्ये एक खोली अशी होती, की नवा माणूस आत डोकावला की हमखास विचारायचा, "इथं रंग द्यायचा राहिला का?" भिंती राखाडी, छत राखाडी, टेबलसुद्धा राखाडी. खिडकीला जाड पडदा, आणि वर मुद्दाम मागवलेल्या दोन पांढऱ्याशुभ्र ट्यूब. रंग राहिला नव्हता, हट्टानं तसा दिलेला होता. पूर्वी तिथं पिस्ता रंगाची भिंत होती. ती बदलून घ्यायला कामिनी भंगाळेला भूपेंद्रभाऊंच्या मागे सहा महिने लागावं लागलं होतं. समोर हिरवट भिंत असली की डोळा फसतो आणि माणूस स्क्रीनवर लाल कमी करत बसतो, हे तिचं म्हणणं. प्रेसमधली मंडळी त्या खोलीला राखेचा डबा म्हणायची. कामिनीला त्याचं काही वाटत नसे.

ती फायली तयार करायची. गिऱ्हाईक मोबाइलवर काढलेले फोटो आणून देतं, ते स्क्रीनवर झळझळीत दिसतात, पण स्क्रीनचे रंग उजेडाचे आणि कागदावरचे शाईचे. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शायांत तो फोटो वाटून द्यायचा, आणि वाटताना त्याचा मूळ रंग हलू द्यायचा नाही, हे तिचं काम. जळगावच्या सराफांचे कॅटलॉग तिच्याच हातून जायचे. सोन्यात किरमिजी शाई जराशी जास्त पडली की सोनं तांब्यासारखं दिसतं, कमी पडली तर पितळेसारखं. पंधरा वर्षांत तिच्या एकाही कॅटलॉगवरून सराफाची तक्रार आली नव्हती. लग्नपत्रिका जुळवण्यापासून तिनं सुरुवात केली होती, पुढं पुण्याला जाऊन आठवडाभराचं शिक्षण घेतलं, रंग मोजायचं छोटं यंत्र भूपेंद्रभाऊंकडून घेववलं. "कामिनीची फाइल असली की मशीनवर वाद नाही," असं भूपेंद्रभाऊ चारचौघांत सांगत, आणि ती मान खाली घालून काम करत राही. पण ते वाक्य तिला आवडायचं.

चार रंगांचं मोठं मशीन मात्र जळगावला नव्हतं. मोठी कामं धुळ्याला, अवधानच्या एमआयडीसीत प्रेमराजशेठकडे छापायला जात. तिथल्या मशीनवर अभिमनभाऊ होते. एकोणतीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, बोलणं अहिराणी, आणि बोलणार तेही मोजकं. कामिनीची आणि त्यांची भेट वर्षाकाठी एखादीच. बाकी सगळं फोनवर.

त्या वर्षी रावेर-सावद्याकडच्या केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या एका कंपनीनं एक काम दिलं. खिशात मावेल एवढी, चिवट कागदाची, एकाच बाजूला छापलेल्या बारा पानांची पुस्तिका. प्रत्येक पानावर केळीच्या पानाचा एक मोठा फोटो: लोह कमी पडलं की पान कसं दिसतं, पालाश कमी पडलं की कसं, करपा आला की कसं. शेतकऱ्यानं बागेत उभं राहून पुस्तिका पानाजवळ धरायची आणि रंग जुळवून पाहायचा. कंपनीची सल्लागार सारिका मॅडम, तिशीची, सतत बुटांना चिखल लागलेली बाई. पहिल्याच दिवशी तिनं कामिनीला सातवं आणि आठवं पान दाखवलं.

"ताई, या दोन पानांकडे जास्त लक्ष द्या. सातवं आहे जस्त कमी पडल्याचं. पानावर फिकट, जवळजवळ पांढरे सरळ पट्टे पडतात. खत फवारलं की पीक सुधारतं. आठवं हरण्या या विषाणूच्या रोगाचं. त्यातही पट्टेच, पण पिवळे आणि तुटक. त्याला औषध नाही. झाड उपटून पुरायचं, नाहीतर शेजारची झाडं जातात. लोक या दोघांत गफलत करतात. पुस्तिका त्यासाठीच आहे."

कामिनीनं तिला एक राखाडी पुठ्ठ्याचा तुकडा दिला. "फोटो काढताना हा पानाशेजारी धरत जा. सकाळचा उजेड वेगळा, संध्याकाळचा वेगळा, आणि मोबाइल त्यात आपल्या मनानं फेरफार करतो. हा पुठ्ठा फोटोत राखाडी दिसला पाहिजे. तो मी राखाडी करून घेते, म्हणजे पानाचा रंगही आपोआप जागेवर येतो."

सारिकानं तसे बारा फोटो आणले. कामिनीनं चार दिवस त्यावर घालवले. रंगीत प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत काढली, सारिकानं ती खऱ्या पानांशी ताडून बघितली आणि प्रत्येक पानावर सही केली.

छपाई गुरुवारी होती, आणि रविवारी सावद्याला कंपनीची सभा. बुधवारी दुपारी सारिकाचा फोन आला. "ताई, सातव्या पानासाठी जास्त चांगला फोटो मिळालाय. पट्टे अगदी स्पष्ट आहेत. बदलता येईल?"

येईल, असं कामिनी म्हणाली. फोटो आला. खरंच जुन्यापेक्षा ठसठशीत होता. पण त्यात राखाडी पुठ्ठा नव्हता. सारिका दुसऱ्याच कामासाठी एका बागेत गेली होती आणि दिवस मावळता मावळता तिनं तो काढला होता. कामिनीच्या हे लक्षात आलं. स्क्रीनवर फोटो छान दिसत होता. छपाईच्या प्लेटी करायला फाइल पाचच्या आत धुळ्याला पोचायला हवी होती, आणि नवं प्रूफ काढून सारिकाची सही घ्यायची तर आणखी एक दिवस गेला असता. तिनं अंदाजानं उजेड सारखा केला, फोटो चार शायांत बदलला, जुन्याच्या जागी बसवला आणि फाइल पाठवली. एवढ्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं असं नाही. दोन-तीनदा केलं होतं, आणि प्रत्येक वेळी नीट निभावलं होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास अभिमनभाऊंचा फोन आला. मशीनचा आवाज एवढा, की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"ताई, सात नंबरना फोटो जरा पिवळा दिखी ऱ्हायना."

कामिनीसमोर एका सराफाचा माणूस बसला होता, मंगळसूत्राच्या पानावरून घासाघीस चालू होती. "बाकी पानं कशी आहेत, भाऊ?"

"बाकी बठ्ठा बराबर शे. फक्त सात नंबर."

"मग फाइलीत तसंच असेल. पट्टे पडलेलं पान आहे ते. फाइलप्रमाणे छापा."

अभिमनभाऊ "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन हजार पुस्तिका वेळेवर पोचल्या. सभेत सहाशे चाळीस वाटल्या गेल्या, उरलेल्या कंपनीच्या गोदामात राहिल्या. लोकांना पुस्तिका आवडली. ज्याच्या त्याच्या खिशात ती दिसू लागली.

तीन आठवड्यांनी सारिका प्रेसमध्ये आली ती तडक भूपेंद्रभाऊंच्या टेबलाशी. त्यांनी कामिनीला हाक मारून बोलावून घेतलं. सारिकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पान होतं आणि दुसऱ्या हातात पुस्तिका, सातवं पान उघडलेलं.

"सावद्यापुढं जीवराम नाना म्हणून आहेत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "फार नेटका शेतकरी. सांगितलं ते तंतोतंत करणारा. त्यांनी एकशे तीस झाडं उपटली. हरण्या आहे म्हणून. मी गेले तेव्हा शेवटची काही पुरायची राहिली होती. मला शंका आली म्हणून पानं तपासायला पाठवली. विषाणू नाहीच. साधं जस्त कमी पडलंय." तिनं पान टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी पुस्तिका. "हे बघा. पानावरचे पट्टे पांढरट आहेत. पुस्तिकेत हेच पट्टे पिवळे आलेत. नानांनी पान सातव्याशी लावलं, जुळलं नाही. त्यातला हिरवाही पिवळट आलाय. आठव्याशी लावलं, तिथला हिरवा तरी जुळला, म्हणून ते जवळचं वाटलं."

भूपेंद्रभाऊंनी तिथल्या तिथं प्रेमराजशेठना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. प्रेमराजशेठनी सगळं ऐकून घेतलं. "पिवळा वाढलाय म्हणता ना? मशीनवर शाई जास्त सोडली असणार," ते म्हणाले. "अभिमनचं वय झालंय आता. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. मी त्याला मशीनवरून काढतो आणि पुस्तिका माझ्याकडून पुन्हा छापून देतो. आपले संबंध जुने आहेत, भूपेंद्रभाऊ."

कामिनी टेबलाच्या कडेला उभी होती. मशीनवरून आलेला तो फोन तिला आठवला. आपली फाइल बरोबर होती असंच तिला त्या घटकेला वाटत होतं. तरी तो फोन आला होता एवढं तरी सांगायला काय हरकत होती? पण ती बोलली नाही. उलट प्रेमराजशेठनी दोष आपल्याकडे घेतला तेव्हा तिच्या छातीवरचं दडपण उतरलं, आणि ते उतरलं हे तिला स्वतःला कळलं.

खोलीत जाऊन तिनं फाइल उघडली. बारा फोटो तिनं एका ओळीत मांडले. सगळे बागेतले, त्यामुळे प्रत्येकात कुठं ना कुठं ठिबकची नळी आली होती. अकरा फोटोंत नळी काळी होती. सातव्यात ती चॉकलेटी होती. तिनं रंग मोजला. स्क्रीनवरच्या आकड्यांनी तेच सांगितलं: मावळतीचा पिवळा उजेड पानावर, नळीवर, मातीवर सगळीकडे सारखा पसरला होता. तिनं संध्याकाळचं ऊन छापायला पाठवलं होतं, आणि धुळ्याच्या मशीननं ते इमानानं छापलं होतं.

ती उठून भूपेंद्रभाऊंकडे गेली.

"भाऊ, चूक मशीनची नाही. फाइलीतच आहे. माझी आहे." तिनं पुठ्ठा, प्रूफ, फोन, सगळं सांगितलं.

भूपेंद्रभाऊंनी चष्मा काढून पुसला. "कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नको. प्रेमराजशेठ पुन्हा छापून देतायत. पुस्तिका बदलतील, विषय संपेल. आपल्या प्रेसचं नाव फायलींवर चालतं, कामिनी. तेच गेलं तर राहिलं काय?"

"पण अभिमनभाऊंचं?"

"त्यांची नोकरी थोडीच गेली? कटिंगला बसतील, नाहीतर बाइंडिंगला. आता त्या वयात बरंच आहे त्यांना."

दुसऱ्या दिवशी कामिनीनं रजा टाकली आणि सकाळची धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दुतर्फा कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. काय बोलायचं ते तिनं मनात चार वेळा जुळवलं आणि चारही वेळा ते सारवासारवीसारखं वाटलं.

अभिमनभाऊ मशीनच्या शेडमध्ये नव्हतेच. मागच्या बाजूला लांबट टेबलाशी ते पुस्तिकांच्या फर्म्यांना, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांना, घडी घालत बसले होते. शेजारी दोन बायका तेच काम करत होत्या, त्यांच्या दुप्पट वेगानं. कामिनीला बघून ते उठले नाहीत.

"या ताई," एवढंच म्हणाले.

"भाऊ, मला छापलेला एखादा शीट बघायचाय. न कापलेला असेल तर."

त्यांनी हातातली घडी पुरी केली, उठले, लोखंडी कपाटातून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. "मी हर कामना एक शीट ठेवस." पुस्तिका कापताना निघून जाते ती कडेची रंगांची पट्टी या शीटवर शाबूत होती. त्यांनी तिच्यावरच्या करड्या चौकोनांवर बोट ठेवलं. "हाई पट्टी देखा. पिवळी शाई जास्त सोडी असती ते हाऊ करडा चौकोन पिवळा व्हता. शे का पिवळा?"

नव्हता. कामिनीनं आपलं मोजायचं यंत्र पिशवीतून काढून त्यावर टेकवलं. आकडा हवा तिथं होता, केसाचाही फरक नाही.

"मी तुमले फोन करेल व्हता," अभिमनभाऊ म्हणाले.

"हो."

"शेठले सांगं मी. शेठ म्हने, काही पुरावा शे का? मशीनवाल्याना शब्दले कोन पुसस?" त्यांनी शीटची घडी करायला घेतली, मग थांबले. "मना डोया खोटा नई शे, ताई. तुमीन दोन मिनिटं बी ऐकं नई."

"तो शीट घेऊन चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "शेठकडे."

प्रेमराजशेठ हिशेबनीसाशी बोलत होते. कामिनीनं त्याला बाहेर जायला सांगितलं नाही, आणि शेठनीही नाही. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. फोटोत पुठ्ठा नव्हता. नवं प्रूफ काढलं नाही. अभिमनभाऊंनी छापण्याआधी फोन करून विचारलं होतं, आणि फाइलप्रमाणे छापा असं तीच म्हणाली होती. "हा शीट बघा. मशीननं काहीही वाढवलेलं नाही."

प्रेमराजशेठनी शीट बघितला. मग भूपेंद्रभाऊंना फोन लावून तो कामिनीच्या हातात दिला.

"धुळ्याहून बोलतेय, भाऊ. मी सांगितलंय शेठना."

"तुला पाठवलं होतं का कोणी?" भूपेंद्रभाऊ म्हणाले. "परत ये. मग बोलू."

प्रेमराजशेठनी अभिमनभाऊंची माफी वगैरे काही मागितली नाही. दारात जाऊन त्यांनी शेडकडे तोंड करून हाक दिली, "अरे, दुपारपासून अभिमनले मशीनवर लेवा!" आणि परत येऊन खुर्चीत बसले. अभिमनभाऊ शीट गुंडाळत बाहेर पडले. कामिनी त्यांच्या मागोमाग गेली तेव्हा ते शाईनं माखलेला जुना ॲप्रन खुंटीवरून काढत होते. "चहा ली ल्या, मग जा," ते म्हणाले. राग गेला होता असं नाही. पण चहा त्यांनी स्वतः आणून दिला.

जळगावला भूपेंद्रभाऊ तिला ओरडले नाहीत. आठवडाभर कामापुरतंच बोलले, तेही दुसऱ्या कोणाच्या तोंडून. सारिकाला मात्र कामिनीनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. सारिका म्हणाली, "पुठ्ठा मीच धरला नव्हता, ताई."

"माझ्या लक्षात आलं होतं. विचारायचं काम माझं होतं." मग ती म्हणाली, "मला जीवराम नानांकडे यायचंय."

पुढच्या मंगळवारी दोघी गेल्या. बागेच्या बांधावर जीवराम नाना उभे होते, साठीचे, शिडशिडीत, पांढरी टोपी कपाळावर ओढलेली. त्यांच्याशेजारी इंदिराबाई. सारिकानं ओळख करून दिली आणि कामिनीनं कशासाठी आलो ते सांगितलं. नाना वळले आणि बागेत चालू लागले. दोघी मागोमाग गेल्या. हिरव्यागार रांगांच्या मधोमध एक मोकळा पट्टा होता. उपटलेल्या झाडांचे खळगे एकसारख्या अंतरावर, ओळीनं. ठिबकची नळी तशीच जागेवर होती आणि प्रत्येक रिकाम्या खळग्यात थेंब थेंब पाणी पडत होतं.

"पुस्तकात जसं दिलं, तसं केलं मी," नाना म्हणाले. "मले काय माहीत बापा."

"तुमचं काहीच चुकलं नाही, नाना."

"ते मले माहीत हाये," ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. ती जागा ते पुन्हा लावणार होते. पण रोपं मागाहून लागली की बाग एका दमात कापणीला येत नाही, दोनदा राखावी लागते, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं, जसं कोणालाही सांगितलं असतं तसं.

इंदिराबाई मात्र इतका वेळ कामिनीकडे टक लावून बघत होत्या. "काव बाई, तू इतकं रंगाचं काम करते, तर हे पान कधी हातात धरून पाह्यलं का?"

"फोटो पाहिले, अक्का."

"फोटो त आम्हीबी पाह्यला," इंदिराबाई म्हणाल्या. "आन् झाडं उपटली."

त्या पुढे झाल्या आणि एका उभ्या झाडाचं पान तोडून त्यांनी कामिनीच्या हातात दिलं. कामिनीनं ते उजेडाकडं धरलं, मग सावलीत नेलं, उलटं करून बघितलं. वरून पट्टा पांढरट दिसत होता, उन्हात मागून बघितलं की जरा पिवळसर. हे कुठल्याच फोटोत नव्हतं. शेतकरी पान कुठून बघतो, वरून की खालून, सावलीत की उन्हात, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. आपल्या राखाडी खोलीतला उजेड तिनं एवढा जपला होता, पण पुस्तिका तिथं वाचली जाणार नव्हती.

"अक्का, यातली थोडी पानं नेऊ का?"

इंदिराबाईंनी नानांकडे बघितलं. नानांनी कंबरेचा विळा काढला.

नवा फोटो सारिकानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काढला, शेजारी पुठ्ठा धरून, पानाची वरची बाजू सावलीत ठेवून. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर कामिनीनं ठळक ओळ घातली: पान तोडून, सावलीत, वरच्या बाजूनं ताडून पाहा. नवं प्रूफ काढलं, सही घेतली. आणि छपाईच्या दिवशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं, जस्त कमी पडलेली आणि हरण्याचीही, घेऊन ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. हरण्याची पानं सारिकानं वेगळ्या पिशवीत बांधून दिली होती आणि काम झालं की जाळून टाकायला बजावलं होतं.

अभिमनभाऊंनी पानं मशीनशेजारच्या टेबलावर पसरली. पहिले शीट आले. त्यांनी एक उचलला, पानाशेजारी धरला, शेडच्या दारात उजेडात नेला, पुन्हा आत आणला. "सात बराबर," ते म्हणाले. "आठ थोडं फिकं शे. देखा."

कामिनीनं यंत्र टेकवलं. आकडा ठीक होता. तिनं पान बघितलं, शीट बघितला, आणि यंत्र पिशवीत ठेवलं. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. किंचित वाढवा."

त्यांनी शाईची किल्ली फिरवली. पुढच्या शीटवर हरण्याचा पिवळा पानावरच्या पिवळ्याशी जाऊन बसला. अभिमनभाऊंनी त्या शीटच्या कोपऱ्यात पेननं सही केली आणि पेन कामिनीकडे दिलं. तिनं खाली आपली केली. पुढं हीच रीत झाली. मशीनवाल्याची सही झाल्याशिवाय भूपेंद्रभाऊंच्या प्रेसचं एकही चार रंगांचं काम छापायचं नाही, असं खुद्द भूपेंद्रभाऊंनीच फर्मावलं. हे त्यांनी कामिनीला सांगितलं नाही. कामाच्या पाकिटावर सहीची नवी चौकट छापलेली तिनं पाहिली.

गोदामातल्या जुन्या पुस्तिका नष्ट केल्या. वाटलेल्या सहाशे चाळीस परत गोळा करायचं काम कामिनीनं अंगावर घेतलं. कंपनीकडून यादी घेतली आणि रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायला बसू लागली. बहुतेक गावांतून सारिकाच्या माणसांनी पुस्तिका बदलून आणल्या. महिन्याअखेर एकोणतीस उरल्या.

त्यातली एक बोदवडच्या बाजूला बेबाबाई म्हणून होत्या त्यांच्याकडे होती. फोन लागत नव्हता. रविवारी कामिनी स्वतःच गाडीनं बोदवडला गेली, पुढं रिक्षानं शेतात. बेबाबाई पन्नाशीच्या, एकट्याच बाग बघणाऱ्या. पुस्तिकेची पानं सुटी करून त्यांनी ती पंपाच्या खोलीच्या भिंतीला पिठाच्या खळीनं चिकटवली होती, "भिजू नये म्हनून." कामिनीनं येण्याचं कारण सांगितलं तशा त्या थबकल्या.

"नऊ झाडं उद्या काढायची म्हनून चुन्याची खूण करून ठेवली मी."

दोघी बागेत गेल्या. कामिनीनं नवी पुस्तिका दिली. बेबाबाईंनी प्रत्येक झाडाचं पान तोडलं, सावलीत नेलं, आधी सातव्याशी लावलं, मग आठव्याशी. घाई केली नाही. एका झाडाशी त्या दोनदा परत आल्या. शेवटी सहा झाडांवरची चुन्याची खूण त्यांनी पदरानं पुसून टाकली. तीन राहिली.

"हे तिन्ही हरण्याच हायेत," त्या म्हणाल्या. "धर जरा."

कामिनीनं पर्स बांधावर ठेवली आणि झाडाला हात घातला. तिन्ही झाडं मुळासकट निघाली. खड्डा खणून त्यांनी ती पुरली, वरून माती दाबली. बेबाबाईंनी पंपावर तिच्या हातांवर पाणी घातलं. मग कामिनीनं भिंतीवरचं सातवं पान ओलं करून, कोपऱ्यापासून हळूहळू सोडवलं, त्या जागी नवं लावून दिलं, आणि पिशवीतली यादी काढून बेबाबाईंच्या नावापुढं खूण केली. अठ्ठावीस नावं राहिली होती.